परीक्षा विभागातले अप्पा

आमच्या शेजारचे अप्पा जेवताना दुसरी भाकरी कधी मागायचे नाहीत. पुरवणी मागायचे.

“अव्वा, एक पुरवणी आण गं,” असा आवाज भिंतीपलीकडून आला की आमच्या घरात कळायचं, साडेबारा वाजले. अव्वा म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची आणि अप्पाही अव्वाच म्हणायचे. भाकरी ताटात पडली की ते विचारणार, “नंबर टाकलीस का पुरवणीवर?” आणि अव्वा हातातलं उलथनं उगारून म्हणणार, “टाकू काय नंबर?” एवढं झालं की मग दोघं शांतपणे जेवायचे.

अप्पांनी सोलापुरातल्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं शिपायाची नोकरी केली. त्यातली बहुतेक परीक्षा विभागात. बेल देणं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणं, वर्गावर्गातून पाणी फिरवणं, गेट सांभाळणं. निवृत्त झाल्यावर शाल आणि नारळ घेऊन ते घरी आले, ते सगळा परीक्षा विभाग बरोबर घेऊनच. बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणली तरी ती सोडून पुन्हा गठ्ठ्याची गाठ मारून ठेवायचे. ती गाठ अव्वाला काही केल्या सुटायची नाही. मग ती सुरीनं कापायची आणि अप्पा हळहळायचे, “सील फोडलीस? एकटीनं? सील दोन साक्षीदारांसमोर फोडायचं असतंय की!”

लग्नकार्याला ते मुहूर्ताआधी अर्धा तास पोचायचे. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मांडवात फक्त आचारी आणि अप्पा होते. नवरदेव पाऊण तास उशिरा आला, तर अप्पा त्याच्या वडिलांना सगळ्यांदेखत म्हणाले, “आज आत घ्यायलोय. पुढच्या वेळी घेणार नाही.” पुढच्या वेळी म्हणजे कधी, हे त्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. माझं नाव अश्विनी. पण बारावीत माझ्या बैठक क्रमांकाच्या शेवटी त्रेचाळीस होता हे त्यांनी एकदा ऐकलं, आणि त्या दिवसापासून मी त्रेचाळीस झाले. “त्रेचाळीस, दूध नासलंय का बघ गं आमचं.” आईला वाटायचं, पोरीला अशी हाक मारणं बरं नव्हे. मला मात्र ते आवडायचं. सुरुवातीला मी कैद्यासारखं वाटतं म्हणून तक्रार केली तेव्हा ते म्हणाले होते, “कैद्याला जन्मभर एकच नंबर. तुझा दरवर्षी बदलतंय. केवढा फरक!” तरी माझा त्यांनी कधी बदलला नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, भूगोल घेऊन, त्या वर्षी टाळेबंदी आली. आमच्या गल्लीत सकाळपासून मागांचा खटखटाट असायचा, तो थांबला. इतकी शांतता झाली की चार घरं सोडून कुणी शेंगा फोडल्या तरी ऐकू यायचं. बाबांचा टेम्पो दारात उभा होता. परीक्षा होणार, नाही होणार, होणार, असं करता करता सप्टेंबरात कळलं की होणार, आणि घरूनच द्यायची, मोबाईलवर.

मी हे अप्पांना सांगितलं तेव्हा ते माडीच्या पायरीवर बसून दाढी करत होते. त्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

“घरात परीक्षा? घरात बारसं असतंय गं. परीक्षा घरात कशी असंल?”

“मोबाईलवर प्रश्न येतात, अप्पा. खाली चार उत्तरं असतात. बरोबर असेल त्यावर बोट लावायचं.”

“उत्तर छापूनच देणार?”

“चारातलं एक बरोबर असतं.”

“मग तीन वर्षं शिकून तू काय केलीस? बोट तर अंगठाबहाद्दरबी लावतंय की!” मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, “आणि सुपरवायझर?”

“कॅमेरा. तो आपल्यावर लक्ष ठेवतो. कुणी दुसरं दिसलं, आपण इकडेतिकडे बघितलं, की वॉर्निंग देतो. जास्त झालं तर पेपरच बंद.”

“तो मधी चहाला जातंय का?”

“नाही.”

“बोलत बसतंय का शेजारच्या वर्गातल्या मॅडमशी?”

“नाही, अप्पा.”

“असला सुपरवायझर मी छत्तीस वर्षांत बघितला न्हाय,” अप्पा म्हणाले, आणि साबण वाळलेला तो गाल पुन्हा भिजवायला उठले.

आमचं घर पत्र्याचं. त्यात मोबाईलला रेंज यायची नाही. अप्पांच्या माडीवरच्या खोलीत मात्र चार काड्या यायच्या. मी भीत भीत विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, “केंद्र मंजूर.”

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर खोलीतली जुनी पोती, मोडका कूलर, सगळं गच्चीवर निघालं होतं. खिडकीजवळ टेबल, टेबलावर खडूनं त्रेचाळीस. भिंतीवर अप्पांच्या सुवाच्य अक्षरात पाटी, ‘शांतता राखा. आपसात बोलू नये.’ मी एकटीच उमेदवार होते, आपसात बोलायचं म्हटलं तरी पंचाईत होती. चपला बाहेर, दप्तर बाहेर. माझी कंपासपेटी त्यांनी उघडून, उलटी करून, टकटक वाजवून बघितली. मग जिन्यातून खाली ओरडले, “हजर एक! गैरहजर न्हाय!” आणि खालून स्वयंपाकघरातून अव्वानं हजेरी घेतल्यासारखं उत्तर दिलं, “हां हां, कळलं!”

त्या खोलीत मी पाच आठवडे अभ्यास केला. आज तो काळ आठवला की लोकांना दवाखाने आणि रिकामे रस्ते आठवतात. मला ती ऑक्टोबरची तापलेली दुपार आठवते, शेंगा आणि गूळ भरलेली वाटी, आणि समोर चष्मा नाकावर आणून प्रश्नसंच वाचणारे अप्पा. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण प्रश्न असा विचारायचे की मोठा परीक्षक वाटावा. “प्रश्न सत्तावीस. सोलापूर जिल्हा कोणत्या प्रदेशात येतो? अ, ब, क, ड. सांग.”

“पर्जन्यछायेच्या.”

“म्हणजे काय?”

“ते विचारलेलं नाही त्यात.”

“मी विचारायलोय की.”

मग मी सांगितलं. ढग समुद्राकडून येतात, सह्याद्री त्यांना अडवतो, पाऊस तिकडेच पडतो, आपल्याकडे कोरडा वारा येतो. अप्पांनी प्रश्नसंच मांडीवर ठेवला. खिडकीतून पांढऱ्या आभाळाकडे बघत राहिले.

“म्हणजे डोंगरामुळं व्हय? आणि मी इतकी वर्षं नशीबच म्हणत होतो.” मग जिन्याकडे तोंड करून, “अव्वा, ऐकलीस का? आपलं नशीब चांगलं हाय. डोंगर मधी आलाय नुसता!”

असा आमचा अभ्यास चालायचा. माझ्याइतकाच त्यांचाही झाला. संध्याकाळी ते गल्लीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मान्सून समजावून द्यायला लागले.

सराव परीक्षा आली. मी कॅमेऱ्यासमोर बसले. पहिला प्रश्न उघडला आणि माझ्या खांद्यामागून अप्पांचं डोकं वर आलं. त्यांना सुपरवायझर कसा दिसतो ते बघायचं होतं. वॉर्निंग. मग ते खाली वाकून, भिंतीच्या कडेनं रांगत दाराकडे निघाले, मध्येच धोतर पायात आलं आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दुसरी वॉर्निंग. मी हसून लोळायची बाकी होते. अप्पा मात्र कावरेबावरे झाले होते. “खऱ्या पेपराला मी खालीच बसतो बाबा,” ते म्हणाले. “ह्या सुपरवायझरला माणूस चालत न्हाय.”

आणि ते खरंच खाली बसले. पहिले तीन पेपर त्यांनी जिन्याच्या तळाशी स्टुलावर बसून काढले. गल्लीत कुणाला गाडीचा हॉर्न वाजवू दिला नाही. भाजीवालीला तोंडावर बोट ठेवून पुढे पाठवलं. ती बिचारी तासभर खुणांनी मेथी विकत होती.

माझं सगळं त्या चार पेपरांवर होतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, पास झालीस तर बी.एड. कर, वर्ष गेलं तर टेंभुर्णीच्या स्थळाला आपण हो म्हणू. ओरडून नाही, समजुतीनंच सांगितलं होतं. त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती.

चौथ्या पेपराला निम्मे प्रश्न झाले होते. खाली अव्वानं फोडणीत मिरच्या टाकल्या. खकाणा जिन्यानं वर आला आणि मला ठसका लागला. साधासुधा नव्हे, डोळ्यांतून पाणी, श्वास अडकलेला. तरी मान सरळ ठेवून मी खोकत होते, कारण मान हलून दोन वॉर्निंग येऊन गेल्या होत्या आणि तिसरीला पेपर बंद.

पावलं वाजली तेव्हा उशीर झाला होता. अप्पा धावत वर आले, त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून पाण्याचा ग्लास पुढे धरला, आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला.

“पी. हळू पी.”

मोबाईलवर लाल अक्षरं आली. दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा समाप्त.

मी काय बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि आठवायला नको वाटतं. “तुम्हाला कुणी बोलावलं होतं?” मी ओरडले. “कोण मागत होतं तुमचं पाणी? शिपाई होतात ना, शिपाईच राहिलात!”

अप्पांनी पाठीवरचा हात काढून घेतला. ग्लास तसाच हातात होता. मी मोबाईल उचलला, त्यांना ओलांडून जिना उतरले आणि आमच्या पत्र्याच्या घरात जाऊन पडले.

मदतीचा म्हणून दिलेला फोन नंबर सतत व्यस्त लागत होता. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. भिंतीपलीकडून साडेबाराला आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दारात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, “हिला कॉलेजात घेऊन जातो. अर्ज द्यायचा हाय.”

माझं कॉलेज म्हणजे अप्पांनी नोकरी केलेलंच. परीक्षा विभागाच्या काउंटरवर काच बसवली होती आणि काचेआड नव्या मॅडम होत्या. अप्पांना ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. मॅडमनी संगणकावर माझा नंबर टाकला आणि मान हलवली.

“नेट गेलं असतं तर पुन्हा परीक्षा मिळाली असती. ह्यात दुसरी व्यक्ती दिसतीय. गैरप्रकारात जातं हे.”

“मॅडम, ती व्यक्ती मी हाय,” अप्पा म्हणाले. “कॉपी नव्हती. पाणी होतं.”

“पण नियम…”

“नियम मला पाठ हाय. छत्तीस वर्षं ह्याच खोलीत काढलो. म्हणून तर आलोय.”

मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बसा म्हणाल्या. अप्पा बसले नाहीत. मला वाटतं, त्या खोलीत बसायची त्यांना सवयच नव्हती.

“लई वर्षं झाली,” ते काचेला सांगत होते की मॅडमना, कळत नव्हतं. “वार्षिक परीक्षा होती. उन्हाळा. मी गेटवर. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घ्यायचं न्हाय, असा रूल. अर्धा तास झाला, मी गेट लावलो. पाच मिन्टांनी एक पोरगी पळत आली. चपला हातात. अक्कलकोटची गाडी वाटेत बंद पडली म्हणली. मी म्हणलो, रूल हाय. ती भांडली न्हाय, रडली न्हाय. गजातनं म्हणली, मामा, पाणी तरी द्या.”

मॅडमचा हात कीबोर्डवर तसाच होता.

“माझ्या हातात बादली होती, मॅडम. ग्लास होता. गजातनं जात होता ग्लास. मी दिलो न्हाय. मला वाटलं, पाणी दिलो तर ती बोलणार, बोलली तर मला दया येणार, आणि दया आली तर मी गेट उघडणार. म्हणून तोंड फिरवलो. पेपर सुटेपर्यंत ती उन्हात गेटापाशी बसली होती. पोरं बाहेर पडली, त्यांच्यात मिसळून गेली. पुढल्या वर्षी मी रोज बघत होतो. आली न्हाय.” त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. “तेव्हापासून परीक्षेत कुणी खोकलं की माझे पाय थांबत न्हायीत. ह्या पोरीचा दोष न्हाय. माझ्या पायांचा हाय. माझ्यावर जे काय लिहायचं ते लिहा.”

मी त्यांच्या शेजारी उभी होते. वर बघायचं धाडस होत नव्हतं.

मॅडमनी एक कोरा कागद काचेखालून सरकवला. “जे घडलं ते लिहून द्या. मी पुढे पाठवते. होईलच असं सांगत नाही.”

अप्पांनी उभ्याउभ्याच लिहिलं. एकेक अक्षर कोरून. ‘सदर विद्यार्थिनीस ठसका लागल्याने मी पाणी दिले. तिने मागितले नव्हते.’

अकरा दिवसांनी मोबाईलवर संदेश आला. नेट गेलेल्या मुलांची फेरपरीक्षा होती, त्या यादीत माझाही नंबर होता. तो पेपर मी दिला, पास झाले, पुढे बी.एड. केलं. आता श्रीपूरजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते.

पण सांगायचं आहे ते त्या फेरपरीक्षेच्या दिवसाचं. मी सकाळी माडीवर गेले तर टेबल पुसलेलं, खिडकी उघडी, अप्पांचा पत्ता नाही. अव्वानं त्या दिवशी चूलही पेटवली नव्हती. पेपर संपवून मी खाली आले आणि विचारलं.

“अक्कलकोटला गेलेत,” अव्वा म्हणाली. “परीक्षा आली की एक दिवस जातात. नोकरीत होते तवापासनं.”

“दर्शनाला?”

“मठात जातात का न्हाय, देव जाणे. स्टँडवर बसतात. मी एकदा मागनं गेलते, तवा कळलं. इचारलं न्हाय कधी.”

अप्पांवर ओरडले त्याबद्दल मी अजून एक शब्द बोलले नव्हते. कॉलेजातून येताना बोलायचं होतं, जमलं नाही. आईनं पेपरासाठी स्वामींना नारळ बोलला होता. तो घेऊन जाते असं सांगून मी दुपारची गाडी पकडली.

अक्कलकोटच्या स्टँडवर गर्दी कमीच होती. कंडक्टर अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये गाणगापूर, आळंद ओरडत होते. सिमेंटच्या बाकावर अप्पा बसले होते, नोकरीतला खाकी गणवेश घालून. पोटावरचं बटण लागत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आणि अप्पांचा हनुवटीवर ओढलेला.

मला बघून ते चपापले. मग विचारलं, “पेपर?”

“चांगला गेला.”

“ठसका?”

“नाही लागला.” मी शेजारी बसले. “अप्पा, त्या दिवशी मी जे बोलले…”

“ऱ्हाऊ दे की.”

“नाही. मी चुकले.”

पिशवीतून त्यांनी पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी प्याले. मग म्हणाले, “पिऊन बरं वाटलं का?” मी मान हलवली आणि मग मला रडू आलं, ते त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

“मास्क वर घ्या, अप्पा,” थोड्या वेळानं मी म्हणाले. “पोलीस धरतील.”

“तोंड झाकलो तर कसं व्हायचं?”

“तिला ओळखाल तुम्ही? इतक्या वर्षांनी?”

“मी कुठला ओळखतोय! आता पन्नाशीची असंल. नावबी ठाऊक न्हाय मला.” ते येणाऱ्या एका गाडीकडे बघत होते. “तिनं ओळखायला पाहिजे. गेट लावलेल्या माणसाचं तोंड कोण विसरतंय?”

“आणि ओळखलं तर? काय म्हणाल?”

“मी काय म्हणू? आधी तिला बोलू द्यायचं. शिव्या दिली तर ऐकून घ्यायच्या.”

गाडी फलाटाला लागली. अप्पा उठले, खाकी शर्ट खाली ओढला आणि दारासमोर, उतरणाऱ्यांना नीट दिसतील असे, सरळ उभे राहिले. बायका उतरत होत्या. कुणाच्या कडेवर नातू, कुणाच्या डोक्यावर बोचकं. कुणी त्यांच्याकडे बघितलं, कुणी नाही. शेवटची बाई स्टँडबाहेर पडली तसे ते परत येऊन बाकावर बसले.

मी उठले आणि पुढची गाडी किती वाजता येणार आहे ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेले.